परक्या रूपाचे घर

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात कॉट्सवोल्ड नावाचा डोंगरउतारांचा एक टापू आहे. तेथील खाणींतून निघणारा चुनखडीचा दगड मधासारखा पिवळसर असतो आणि गावेच्या गावे त्याच दगडाची बांधलेली असतात. भिंती दगडाच्या, उतरत्या छपरांवरच्या फरश्याही पातळ दगडाच्या, खिडक्या लहान, धुराडी उंच. शतकानुशतके तेथील गवंडी असेच बांधत आले. याच टापूत, मोरटन-इन-मार्श या गावापासून जवळच, झाडीतून जाणारी एक वाट संपते तेथे मात्र पाहणाराची नजर अडखळते. समोर पिवळसर दगडाचेच घर उभे आहे. पण त्याच्या माथ्यावर तांब्याचा, हिरवट पडलेला, कांद्याच्या आकाराचा घुमट आहे. कोपऱ्यांवर छत्र्या आहेत. छपराच्या कडेने भिंतीबाहेर आलेला रुंद छज्जा आहे आणि त्याखाली दगडी तोडे आहेत. खिडक्यांच्या माथ्यावर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी उमललेल्या आहेत. या घराचे नाव सीझिनकोट.

आमच्या एका स्नेह्यांनी तिकडून आल्यावर या घराची छायाचित्रे मला दाखवली आणि हसत म्हणाले, "पाहा हो मास्तर, साहेबाने आपल्या ताजमहालाची काय थट्टा करून ठेवली आहे!" बैठकीत बसलेले सगळेच हसले. मी मात्र हसू शकलो नाही. त्या रात्री मी ती चित्रे पुन्हा पाहिली, पुढे त्या घराविषयी मिळेल ते वाचले, आणि जो विचार मनात आला तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. प्रारंभीच कबूल करतो की हे घर मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ज्याने ते बांधले त्यानेही हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. तेव्हा निदान या बाबतीत आम्ही दोघे बरोबरीचे आहोत.

ही हकिकत तीन भावांची आहे. थोरला कर्नल जॉन कॉकरेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये होता. परत गेल्यावर त्याने १७९५ साली ही जमीन खरेदी केली आणि तीनच वर्षांत तो वारला. पुढे मालमत्ता त्याचा भाऊ चार्ल्स याच्याकडे आली. चार्ल्सही कंपनीचाच माणूस. कलकत्त्यास तो पोस्टमास्टर-जनरल होता आणि पेढीच्या व्यवहारातही त्याने चांगली माया जमवली होती. तिसरा भाऊ सॅम्युएल पेप्स कॉकरेल हा वास्तुशिल्पी. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याच्या नात्यातला, म्हणून ते नाव. चार्ल्सने घर बांधण्याचे काम या भावाकडे सोपवले आणि १८०५ च्या सुमारास सीझिनकोटचे आजचे रूप आकारास येऊ लागले. याच सॅम्युएलने त्यापूर्वी जवळच्या डेल्सफर्ड येथे वॉरन हेस्टिंग्जसाठी घर बांधले होते आणि त्याच्याही माथ्यावर एक लहानसा घुमट बसवला होता. म्हणजे हिंदुस्थानातून पैसा घेऊन परतलेल्यांची घरे कशी असावीत, याची एक कल्पना त्याच्या मनात आधीपासून घोळत असली पाहिजे.

सन १८०५ म्हटले की आपल्यासारख्या, पेशवाईच्या फौजांबरोबर मुलूख सोडून येथे येऊन राहिलेल्या घराण्यांच्या मनात दुसरीच आठवण जागी होते. १८०३ च्या सप्टेंबरात दिल्ली आणि ऑक्टोबरात आग्रा दौलतराव शिंद्यांच्या हातून कंपनीच्या हाती गेले. वर्षाअखेरीस सर्जे-अंजनगावचा तह झाला. आमच्या बडोद्याने तर १८०२ मध्येच कंपनीचा आश्रय पत्करला होता. ज्या इमारतींचे घुमट आणि छज्जे कॉट्सवोल्डच्या दगडात उतरले, त्यांच्या किल्ल्याही नुकत्याच त्याच कंपनीच्या कमरेला लागल्या होत्या. चार्ल्स कॉकरेलने हा योग जुळवून आणला असे मी म्हणत नाही. तो व्यापारी माणूस होता आणि त्याला आपल्या तरुणपणाच्या देशाची आठवण घरावर हवी होती, इतकेच कदाचित असेल. परंतु जेथून पैसा आला तेथूनच रूपही आले, आणि दोन्ही आणताना तेथील माणसांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट त्या सुंदर घराकडे पाहताना डोळ्यांआड करता येत नाही. सौंदर्याने हिशेब मिटत नाही. हिशेब बाकी आहे म्हणून सौंदर्य खोटे ठरते असेही नाही. दोन्ही वह्या उघड्या ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

हिंदुस्थान न पाहिलेल्या माणसाने छज्जा आणि छत्री काढली कशी? येथे आणखी एका माणसाचा प्रवेश होतो. टॉमस डॅनियल नावाचा चित्रकार आपला पुतण्या विल्यम याला बरोबर घेऊन १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरला आणि पुढे सुमारे सात वर्षे दोघे देश पालथा घालत होते. उत्तरेस गढवालपर्यंत, दक्षिणेस मदुरेपर्यंत, नंतर पश्चिमेस मुंबईपर्यंत त्यांनी प्रवास केला. १७८९ मध्ये त्यांनी आग्रा आणि दिल्ली येथे चित्रे काढली तेव्हा त्या शहरांवर महादजी शिंद्यांचा अंमल होता. परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ चित्रांचा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला. हिंदुस्थानच्या इमारती इंग्लंडने डोळे भरून पाहिल्या त्या या चित्रांतून. सीझिनकोटच्या कामात टॉमस डॅनियलचा सल्ला घेण्यात आला आणि बागेतील पूल, देऊळ, कुंड यांची कल्पना त्याचीच आहे.

आता मुद्द्याकडे येतो. माझा व्यवसाय गाणे शिकवण्याचा. संस्थानी कलावंत कारखान्याच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्या वडिलांपाशी मी शिकलो. त्यांच्या तालमीत नक्कल हा दोष मानला जात नसे. शिष्य प्रथम नक्कलच करतो. न केली तर तो शिकणार कसा? एखादा मुलगा कोणा मोठ्या गवयाची जागा जशीच्या तशी घेऊन आला की वडील त्याला दाद देत आणि लगेच विचारत, "छान उचललीस. आता ती तेथे का आली ते सांग." मुलगा गोंधळे. कोणत्या स्वरावरून निघून, कोणत्या स्वराला टेकण्यासाठी गवयाने ते वळण घेतले, हे त्याला ठाऊक नसे. वडील म्हणत, मग ती जागा अजून तुझी नाही. ठेव जपून, पण गाऊ नकोस.

सीझिनकोटला मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. छज्जा तेथे का आला?

आपल्याकडे छज्जा का असतो ते लहान मुलासही सांगता येईल. वैशाखातले ऊन डोक्यावरून येते, ते भिंतीवर आणि खिडकीत उतरू नये म्हणून. आषाढातला पाऊस भिंतीला चाटून जाऊ नये म्हणून. बाहेर आलेल्या त्या दगडी पट्टीच्या सावलीत आपले अर्धे आयुष्य जाते. कॉट्सवोल्डमध्ये सूर्य वर्षातील बराच काळ कलतीकडूनच येतो आणि तेथील माणूस त्याच्यापासून पळत नाही, त्याची वाट पाहतो. तेथील छज्जा ऊन अडवण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी आहे. एक कबूल केले पाहिजे की त्याच्या सावलीची एक गडद रेघ त्या पिवळ्या भिंतीवर पडते आणि त्या रेघेने सबंध घर बांधून ठेवल्यासारखे वाटते. पण ती शोभा आहे. वडील म्हणाले असते, जागा छान उचलली आहे.

छत्र्यांचे तसेच. मोगल राजवाड्यांच्या गच्चीवर छत्र्या असतात त्या संध्याकाळी वाऱ्याला बसण्यासाठी, आकाशाच्या कडेला नाजूक रेखा उमटवण्यासाठी. आपल्या मराठी कानांना तर छत्री या शब्दात आणखी एक अर्थ ऐकू येतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना छत्री म्हटले की होळकर-शिंद्यांची स्मारके आठवतील. एका इंग्रज कुटुंबाने नांदत्या घराच्या कोपऱ्यांवर छत्र्या उभ्या कराव्यात याचे आपल्याला थोडे हसू येणारच. घुमटही आपल्याकडे बहुधा कबरीवर किंवा प्रार्थनास्थळावर असतो. त्याच्याखाली उभे राहिले की माणूस आवाज खाली आणतो. सीझिनकोटच्या घुमटाखाली मात्र माणसे जेवत होती, झोपत होती आणि पाहुण्यांचा पाहुणचार करीत होती.

आणि घराच्या आत? आत पाऊल टाकताच हिंदुस्थान संपतो. खोल्यांची मांडणी, जिना, स्तंभ, भिंतींवरील नक्षी, सारे ग्रीक-रोमन वळणाचे, त्या काळच्या इंग्लंडमध्ये सुसंस्कृत घराचे जसे असे तसेच. पुष्कळ टीकाकारांनी या विसंगतीवर बोट ठेवले आहे. मला मात्र यातच त्या घराचा प्रामाणिकपणा दिसतो. कॉकरेलने दिवाणखान्यात खोट्या जाळ्या बसवल्या नाहीत. आपण आत कसे राहतो हे त्याने लपवले नाही. नकाशाही त्याने मोगल हवेलीचा घेतला नाही. चौक नाही, जनाना नाही. एकमेकांशी तोल राखणारा, मधोमध घट्ट बसलेला असा इंग्रजी घराचाच नकाशा आहे. त्याचे अंग इंग्रजी आहे आणि अंगरखा हिंदुस्थानी.

इतक्यावर थांबलो असतो तर स्नेह्यांच्या हसण्यात मीही सामील झालो असतो. पण या घराच्या दोन ठिकाणी मला वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

पहिले ठिकाण काचघर. मुख्य घराच्या दक्षिणेकडून एक लांब, कमानीसारखी वळत गेलेली ओळ निघते आणि शेवटी एका अष्टकोनी मंडपात विसावते. इंग्लंडच्या थंडीत न टिकणारी संत्र्या-लिंबांसारखी झाडे ठेवण्यासाठी ती आहे. तिच्या खिडक्या उंच आहेत, त्यांच्या माथ्यावर त्याच पिसाऱ्याच्या कमानी आहेत आणि कमानींत काच आहे. आपल्याकडची कमान सावलीसाठी आणि वाऱ्यासाठी मोकळी असते. येथे तीच कमान ऊन आत घेण्यासाठी आणि वारा बाहेर ठेवण्यासाठी काचेने भरली आहे. काम अगदी उलटे झाले, पण काम मिळाले. उष्ण देशातील झाडांसाठी उष्ण देशातील कमान. येथे परके रूप नुसते उचललेले नाही. त्याला तेथल्या हवेत एक कारण सापडले आहे. जागा आता गाणाऱ्याची झाली.

दुसरे ठिकाण बागेतील पूल. घराकडे येणारी गाडीवाट एका लहान ओढ्यावरून जाते. वरती कठड्यावर नंदी बसलेले आहेत. खाली उतरले की पुलाच्या पोटात जाड, बुटके खांब दिसतात. मराठी माणसाला ते ओळखीचे वाटतील, कारण त्यांचे मूळ घारापुरीच्या लेण्यात आहे. तोच चौरस पाया, वर पन्हळी पडलेले गोल अंग आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा गोलावा. मुंबई बंदरातून होडीत बसून आपण शाळकरी वयात जे पाहून आलो, ते तेथे इंग्लंडच्या ओढ्याकाठी उभे आहे. पाण्यातून जाणाऱ्या दगडांवर पाय ठेवत माणसे त्या खांबांमधून चालत जातात.

या खांबांविषयी एक गोष्ट मला फार विचारात पाडते. घारापुरीचे खांब कोणी उभे केलेले नाहीत. डोंगर पोखरताना जे काढले नाही ते खांब म्हणून उरले. वरचा डोंगर आपल्याच अंगाने उभा आहे. सीझिनकोटला मात्र हा खांब दगडावर दगड ठेवून बांधला गेला आणि त्याने खरेखुरे ओझे घेतले. डोक्यावरून घोडागाड्या जात होत्या, चाकांचा खडखडाट होत होता, आणि खाली लेण्यातला अंधार आणि पाण्याचा आवाज. लेण्यातील खांबाला जो भार वाहण्याचा नुसता आविर्भाव होता, तो येथे खरा झाला. नक्कल मुळाच्या पलीकडे जाते ती अशी.

या नंदींची एक कथा आहे. ते काढून दुसरे काही बसवावे असा विचार मालकाच्या मनात आला, तेव्हा डॅनियलने पत्र लिहून विरोध केला. देवांचा शिल्पी विश्वकर्मा सीझिनकोट पाहावयास आला तर तोही बैलांना तेथेच राहू द्या म्हणेल, अशा आशयाचे त्याने लिहिले. इंग्लंडच्या खेड्यातल्या एका बागेसाठी विश्वकर्म्याची साक्ष काढणारा हा चित्रकार मला आवडतो. बागेत वरच्या अंगाला सूर्याचे एक लहान देऊळ आहे, त्यापुढे कुंड आहे आणि दुसऱ्या कुंडात खांबाला विळखा घातलेला सर्प कारंज्याचे काम करतो. तेथे पूजा होत नाही, आरती होत नाही. ते देऊळ नव्हे, देवळाचे चित्र आहे. पण ज्याने काढले त्याने सात वर्षे या देशाच्या धुळीत घालवली होती, हे त्यात दिसते.

डॅनियलचा आणखी एक धागा आपल्याशी जुळलेला आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत पुणे दरबारात होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. डॅनियल काका-पुतण्या १७९३ मध्ये मुंबईस आले तेव्हा वेल्सची त्यांची गाठ पडली आणि लेणी पाहण्यात तो त्यांच्या सोबत होता. १७९५ मध्ये वेल्स वारला. पेशव्यांच्या दरबारात १७९० साली झालेल्या तहाच्या प्रसंगाचे मोठे चित्र त्याच्या मनात होते. त्यासाठी त्याने केलेले अभ्यास मागे राहिले. त्या अभ्यासांवरून ते चित्र टॉमस डॅनियलने १८०५ साली पुरे केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या सुमारास सीझिनकोटच्या भिंती वर येत होत्या, त्याच सुमारास सीझिनकोटच्या पुलाचा कल्पक शनिवारवाड्यातील दरबार रंगवीत होता. स्वतः न पाहिलेला प्रसंग, दुसऱ्याच्या कागदांवरून. पुढे १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळला. ती महिरप, ते खांब, तो बैठकीचा थाट आज डोळ्यांसमोर आणावयाचा असेल तर या नकलेच्या नकलेकडेच जावे लागते. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

सीझिनकोटचे घराणे मात्र वाढले नाही. १८०७ मध्ये इंग्लंडचा युवराज तेथे येऊन गेला. बाग आखणारा हंफ्री रेप्टन याचाही सीझिनकोटच्या सल्लामसलतीत भाग होता, आणि ब्रायटनच्या राजवाड्यासाठी त्याने हिंदुस्थानी वळणाचे आराखडे केले. शेवटी जॉन नॅश याने १८१५ पासून पुढच्या काही वर्षांत ब्रायटनचा तो घुमटांचा गजबजाट उभा केला. तेथे सगळे मोठे झाले, चमकदार झाले आणि आतून तर चिनी झाले. सीझिनकोटमध्ये जो संयम होता तो गेला. त्यानंतर इंग्लंडातील श्रीमंतांनी घुमटाचा नाद बहुतेक सोडलाच. गुरूला एकच शिष्य मिळाला आणि तो तान फिरवण्यात रमला, असे काहीसे झाले.

मात्र ही विद्या समुद्र ओलांडून परत आली, आणि आली ती आमच्याच दारात. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. शिल्पकार मेजर चार्ल्स मँट, कंपनीनंतरच्या इंग्रजी राज्याचा लष्करी इंजिनियर. १८८१ मध्ये तो वारला आणि रॉबर्ट चिझम याने १८९० मध्ये काम पुरे केले. घुमट, छत्र्या, छज्जे, जाळ्या, सारे बाहेर. आत व्हेनिसच्या कारागिरीची फरशी आणि विलायती रंगीत काचा. सीझिनकोटचीच मांडणी, फक्त कित्येक पटींनी मोठी. फरक इतकाच की येथे ऊन खरे आहे आणि पाऊसही खरा. छज्जाला काम आहे, जाळीला वारा आहे. त्या दरबार हॉलमध्ये गाण्याच्या बैठकी झाल्या आहेत आणि जाळीआडून बायकांनी गाणे ऐकले आहे. इंग्रजाने हिंदुस्थानी रूप हिंदुस्थानातच परत आणून ठेवले, तेव्हा त्यातील पुष्कळ जागांना आपोआप अर्थ आला. गावकऱ्यांनी तो वाडा आपला मानला. कोणी त्यास थट्टा म्हणत नाही.

मग सीझिनकोटलाच थट्टा का म्हणावे? आपण स्वतः काय आहोत? आपले पणजे-खापरपणजे या गुजराती मुलखात आले. ओट्यावर बसून शेजाऱ्याशी आपण गुजरातीत बोलतो, आत माजघरात मराठी. घराचे कोरीव लाकडी दर्शन या गावचे. आतला चौक, देवघर, फडताळ आपल्याकडचे. दिवाणखान्यातला झोपाळा कोणाचा, आता सांगता येणार नाही. बाहेरून एक, आतून एक असे घर म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला कळावे? त्यात लाज वाटावी असे मला कधी वाटले नाही. कॉकरेल आणि आपण यांच्यात एकच भेद आहे आणि तो लहान नाही. तो कमावून परत गेला आणि आठवण घरावर चढवली. आपण राहिलो. ज्यांचे रूप घेतले त्यांच्याच शेजारी राहिलो, त्यांच्या लग्नांत जेवलो, त्यांच्या मयतीत खांदा दिला. घेतल्याचे देणे रोजच्या रोज फिटत गेले.

हे सारे आज लिहिण्याचे कारण सांगून संपवतो. आपल्या शहरात जुने वाडे उतरत आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. त्याबद्दल मी येथे रडत नाही. माणसे वाढली, भाऊ वेगळे झाले, वाड्याचा खर्च झेपेना, हे मलाही कळते. पण नव्या इमारतींच्या फाटकांवर हल्ली प्लास्टरच्या छत्र्या बसतात. भिंतीवर चार बोटे रुंदीचा छज्जा येतो, ज्याच्या सावलीत चिमणीही बसणार नाही. जाळी येते ती छापील, मागे विटांची भिंत. आणि पश्चिमेकडची सबंध काच उघडी, तिच्यामागे थंड हवेचे यंत्र घरघरत असते. ऊन तेच, पाऊस तोच, ज्या देशात ही रूपे जन्मली तो देशही हाच. आणि तरी छत्री तेथे का आली याचे उत्तर कोणापाशी नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला परदेशाचे रूप उचलताना निदान सात वर्षे हिंडलेल्या चित्रकाराची मदत घ्यावीशी वाटली. आपल्याला आपल्याच आजोबांच्या वाड्याचा छज्जा किती हात बाहेर होता, हे मोजून पाहावेसे वाटत नाही.

म्हणून ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना एक विनंती आहे. वाडा उतरवणे भाग असेल तर उतरवा. पण त्यापूर्वी घरातल्या मुलांच्या हाती मोजपट्टी द्या. छज्जा किती, ओटा किती उंच, चौकात दुपारी ऊन कोठवर येते, माळवदावरचे पाणी कोणत्या वाटेने जाते, हे त्यांना कागदावर उतरवू द्या. आणि प्रत्येक गोष्टीपुढे, ती तेथे का आहे, हेही त्यांनाच लिहू द्या. नवे घर कसेही बांधा. कागद जवळ असला तर त्यातले काय न्यावे ते तुम्हाला कळेल.